विषाणूच्या कात्रीत अडकलेली साखर

‘एच१एन१’, ‘एच५एन१’ ही नावे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. २००९ च्या ऑगस्ट महिन्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. ती एक शाळकरी मुलगी होती. पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तिथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीसाठी नमुन्यांची रीघ लागली आणि ‘टॅमिफ्लू’ हे औषधाचे नाव घराघरांत पोचले. मात्र विषाणूच्या नावातला ‘एच’ कशाचा, ‘एन’ कशाचा आणि त्या औषधाचा या अक्षरांशी संबंध काय, हे फारसे कुणी विचारले नाही.

या प्रश्नांचे उत्तर पाठ्यपुस्तकातल्या एका अगदी साध्या प्रकरणाशी जोडलेले आहे. ते प्रकरण म्हणजे ‘कर्बोदके’. एरवी हे प्रकरण आपण भाकरी, भात आणि ऊर्जा एवढ्यावर संपवतो. प्रत्यक्षात फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो तो एका साखरेला धरून आणि बाहेर पडतो तो तीच साखर कापून. ऑस्ट्रेलियातील रसायनशास्त्रज्ञ मार्क फॉन इट्झस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी याच साखरेत थोडा फेरफार करून विषाणूला अडवणारे औषध तयार केले. त्यांचा निबंध जून १९९३ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. या संशोधनाची वाटचाल पाहण्याजोगी आहे, कारण तिच्यात साखरेच्या रसायनशास्त्राचे सामर्थ्यही दिसते आणि मर्यादाही.

साखर हे इंधन, तशी खूणही

ज्वारीच्या कणसातला दाणा आपण खातो आणि कडबा गुरांपुढे टाकतो. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातले सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्याच रेणूंच्या माळा आहेत. फरक आहे तो दोन ग्लुकोजमधल्या जोडणीच्या दिशेत. स्टार्चमधली जोडणी ‘अल्फा’, तर सेल्युलोजमधली ‘बीटा’. आपल्या पोटातील विकरे म्हणजे एन्झाइमे पहिली जोडणी तोडू शकतात, दुसरी नाही. गुरांच्या पोटातील सूक्ष्मजीव दुसरीही तोडतात. केवळ एका बंधाची दिशा बदलली की एकाचे अन्न ते दुसऱ्याचा चोथा ठरते.

अशा जोडण्या किती प्रकारे होऊ शकतात? सहा अणूंच्या कड्याच्या रूपातील ग्लुकोजचे दोन रेणू घेऊ. पहिल्याचा १ क्रमांकाचा कार्बन दुसऱ्याच्या २, ३, ४ किंवा ६ क्रमांकाच्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाशी जोडता येतो आणि प्रत्येक वेळी अल्फा किंवा बीटा अशा दोन दिशा शक्य असतात. हे झाले ८ प्रकार. शिवाय दोन्हींचे १ क्रमांकाचे कार्बन एकमेकांना जोडले तर आणखी ३ प्रकार मिळतात. एकूण ११. दोन ग्लायसिन रेणूंची पेप्टाइड बंधाने होणारी जोडणी मात्र एकाच प्रकारची असते. तीन वेगवेगळ्या अमिनो आम्लांपासून ६ त्रिपेप्टाइडे होतात, तर तीन वेगवेगळ्या षट्कार्बनी शर्करांपासून हजाराहून अधिक त्रिशर्करा संभवतात.

थोड्या जागेत एवढी विविधता असल्यामुळे साखरेच्या लहान साखळ्या खुणेसाठी फार सोयीच्या असतात. आपल्या पेशींच्या बाह्य आवरणावर प्रथिनांना व मेदांना जोडलेल्या अशा साखळ्यांचे जणू रान माजलेले असते. रक्तगट हे त्याचे परिचित उदाहरण. ‘ए’ आणि ‘बी’ या रक्तगटांमधला फरक साखळीच्या टोकाच्या एका शर्करेपुरता आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटात तर या साखळीतील फ्युकोज ही शर्कराच बसवलेली नसते, म्हणून पुढची खूण उमटायला जागाच उरत नाही.

आपल्या श्वासमार्गातील पेशींवरच्या पुष्कळशा साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल नावाची शर्करा असते. तिच्यात ९ कार्बन असतात आणि १ क्रमांकाच्या कार्बनवर कार्बॉक्सिल गट असल्यामुळे तिच्यावर ऋण भार असतो. स्वीडनमधील गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गुरांच्या लाळग्रंथींतील चिकट द्रव्यातून ती वेगळी केली. ग्रीक भाषेतील लाळेच्या शब्दावरून तिला पुढे हे नाव मिळाले. पेशींनी स्वतःच्या कामासाठी उभारलेली ही खूण फ्लूच्या विषाणूने दाराची कडी म्हणून वापरली.

एच चिकटतो, एन कापतो

ही कडी सापडली ती कोंबडीच्या अंड्यांमुळे. फ्लूचा विषाणू प्रयोगशाळेत कोंबडीच्या भ्रूणांमध्ये वाढवतात. १९४१ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज हर्स्ट अशा अंड्यांतला द्रव काढत असताना रक्तवाहिनी फाटून त्यात रक्त मिसळले आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या झालेल्या दिसल्या. विषाणू एकाच वेळी अनेक पेशींना चिकटून त्यांना एकत्र बांधत होता. या गुणामुळे त्याच्या चिकटणाऱ्या प्रथिनाला हीमअ‍ॅग्लुटिनिन, म्हणजे रक्तपेशींच्या गुठळ्या करणारे, असे नाव पडले. विषाणूच्या नावातला ‘एच’ तो हाच.

पुढचे निरीक्षण अधिक चमत्कारिक होते. थंडाव्यात चिकटलेला विषाणू ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आपोआप सुटून येई. सुटलेला विषाणू ताज्या रक्तपेशींना पुन्हा चिकटे, पण ज्या पेशी त्याने सोडल्या त्यांना तो विषाणू पुन्हा चिकटत नसे. म्हणजे विषाणू शाबूत होता. बदल झाला होता तो पेशींमध्ये. विषाणूपाशी एखादे विकर असावे आणि ते पेशींवरची कडीच उखडून टाकत असावे, असे अनुमान निघाले.

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत मॅकफार्लेन बर्नेट यांच्या गटाला पटकीच्या जंतूंच्या द्रवातही असेच विकर आढळले. त्याच संस्थेत आल्फ्रेड गॉटशाल्क हे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. ते मूळचे जर्मनीतील ज्यू. नाझी राजवटीमुळे देश सोडून ते १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियात आले होते. विकर नेमके काय कापते याचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि साखळीच्या टोकाचे सायलिक आम्ल तोडले जाते हे सिद्ध केले. १९५७ मध्ये या विकराला न्यूरामिनिडेज हे नाव रूढ झाले. नावातला ‘एन’ तो हा.

एकाच साखरेला आधी धरायचे आणि मग कापायचे, हे वरवर पाहता परस्परविरोधी वाटते. पण विषाणूच्या दृष्टीने दोन्ही गरजेचे आहे. पेशीत शिरताना कडी धरावी लागते. आत हजारो नवे विषाणू तयार होऊन बाहेर पडू लागले की तीच कडी अडचणीची ठरते, कारण बाहेर येणारा प्रत्येक विषाणू त्याच पेशीला आणि एकमेकांना चिकटून बसतो. न्यूरामिनिडेजची कात्री ही गुंतवळ कापून त्यांना मोकळे करते. श्वासमार्गातील शेंबडासारख्या चिकट द्रवातही सायलिक आम्ल विपुल असते. त्यात अडकलेल्या विषाणूची सुटकाही हीच कात्री करते.

ही साखर पुढच्या शर्करेला कशी जोडली आहे, यालाही महत्त्व आहे. माणसाच्या वरच्या श्वासमार्गात ती प्रामुख्याने शेजारच्या शर्करेच्या ६ क्रमांकाच्या कार्बनला, तर पक्ष्यांच्या आतड्यात ३ क्रमांकाच्या कार्बनला जोडलेली असते. माणसांचा फ्लू पहिली जोडणी पसंत करतो, पक्ष्यांचा दुसरी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला एच५एन१ ने कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्या, तरी तेथे माणसांना लागण झाल्याचे आढळले नाही. बर्ड फ्लू माणसांत सहजी पसरत नाही, याच्या अनेक कारणांपैकी साखरेची ही जोडणी एक आहे.

कात्रीचे चित्र हाती आले

कात्री चालू दिली नाही तर विषाणू जागीच खिळून राहील, ही कल्पना नवी नव्हती. सायलिक आम्लासारखा दिसणारा, पण कापता न येणारा रेणू कात्रीत अडकवायचा. १९७४ मध्ये माइंडल, टुपी, पलेसे आदी संशोधकांनी असा रेणू वापरून पाहिला होता. त्यात सायलिक आम्लाच्या २ व ३ क्रमांकाच्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आणलेला होता.

या दुहेरी बंधाचे महत्त्व असे. सायलिक आम्लाचे सहा अणूंचे कडे एरवी खुर्चीसारखे वाकलेले असते. विकर ते कापते त्या क्षणी मात्र कड्याचा एक भाग सपाट होतो. दुहेरी बंधामुळे नव्या रेणूचे कडे आधीपासूनच तसे सपाट असते. म्हणजे हा रेणू अर्धवट कापल्या गेलेल्या साखरेचे सोंग घेतो, आणि विकराची पकड नेमकी त्याच अवस्थेवर घट्ट असते. शिवाय २ क्रमांकाच्या कार्बनला पुढची साखळी जोडलेली नसल्यामुळे कापण्यासारखे काही उरत नाही. परीक्षानळीत हा रेणू बऱ्यापैकी काम करी, पण प्राण्यांमध्ये त्याचा उपयोग झाला नाही. तो शरीराबाहेर झटपट टाकला जाई. फ्लूच्या विकराखेरीज इतर प्राण्यांची व जीवाणूंची तशीच विकरेही तो अडवी.

हा रेणू सुधारायचा कसा? कात्रीचा आकार ठाऊक नसताना त्याच्यात फेरफार करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होते. उजेड पडला तो १९८३ मध्ये. कॅनबेरा येथील ग्रॅमी लेव्हर यांनी विषाणूच्या पृष्ठभागावरून न्यूरामिनिडेजचे डोके विकराने कापून वेगळे काढले व त्याचे स्फटिक मिळवले. मेलबर्नमधील पीटर कोलमन व होसे व्हर्गीस यांनी त्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून प्रथिनातील अणूंची मांडणी उलगडली. छत्रीसारख्या दिसणाऱ्या या विकराच्या डोक्यात चार सारखे भाग असतात आणि प्रत्येक भागात एक खोल खोबण असते. सायलिक आम्ल बसते ते या खोबणीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून त्याची लस वरचेवर बदलावी लागते. परंतु हे बदल असतात खोबणीच्या बाहेर. खोबणीतील साखरेला स्पर्श करणारी अमिनो आम्ले फ्लूच्या निरनिराळ्या प्रकारांत सारखीच आढळली. कारण उघड आहे. तिथे बदल झाला तर विषाणूलाच साखर कापता येणार नाही. बाहेरचा अंगरखा वाटेल तितक्या वेळा बदलला तरी कात्रीचे पाते बदलून चालत नाही.

चौथ्या कार्बनची करामत

फॉन इट्झस्टाइन तेव्हा मेलबर्नच्या व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ फार्मसीत होते. त्यांच्या गटाने खोबणीचा नकाशा संगणकावर घेतला आणि पीटर गुडफर्ड यांनी लिहिलेल्या ‘ग्रिड’ या कार्यक्रमाने तिची पाहणी केली. खोबणीत कल्पनेने चौकटी आखायच्या आणि प्रत्येक छेदबिंदूवर अमिनो, कार्बॉक्सिल, मेथिल असा एकेक रासायनिक गट ठेवून तो तेथे किती घट्ट बसेल याचे गणित करायचे, अशी ही रीत.

१ क्रमांकाच्या कार्बनवरचा ऋण भाराचा कार्बॉक्सिल गट धन भाराच्या तीन आर्जिनीनांनी पकडलेला होता. तेथे हात लावण्याचे कारण नव्हते. मात्र ४ क्रमांकाच्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाजवळ एक कप्पा होता. त्याच्या भिंतीवर ग्लुटामिक आम्लाचे ऋण भार असल्याने धन भाराचा गट तेथे घट्ट बसेल, असे गणिताने सांगितले.

म्हणून आधी हायड्रॉक्सिलच्या जागी अमिनो गट बसवण्यात आला. शरीरातील पाण्यात अमिनो गटावर धन भार येतो. पकड सुमारे शंभर पटीने वाढली. मग असे दिसले की कप्प्यात अजून जागा शिल्लक आहे. तेव्हा अमिनोच्या जागी त्याहून मोठा व अधिक अल्कधर्मी ग्वानिडिनो गट बसवला. आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या टोकाला असतो तोच हा गट. तो कप्प्यात पूर्ण भरून बसला आणि एकाऐवजी दोन ग्लुटामिक आम्लांशी त्याचे आकर्षण जुळले. मूळ रेणूच्या तुलनेत पकड हजारो पटींनी वाढली. विशेष म्हणजे माणसाच्या स्वतःच्या तशाच विकरांवर या नव्या रेणूचा परिणाम त्यामानाने फारच कमी होता, कारण नेमका असा कप्पा फ्लूच्या कात्रीतच होता.

या रेणूला पुढे झानामिविर आणि बाजारात ‘रेलेन्झा’ ही नावे मिळाली. कोलमन, लेव्हर व फॉन इट्झस्टाइन यांना १९९६ चा ऑस्ट्रेलिया पुरस्कार देण्यात आला. हजारो पदार्थ एकामागून एक चाचपून पाहण्याऐवजी लक्ष्याचा आकार पाहून औषध घडवता येते, याचे हे आरंभीच्या काळातले ठळक उदाहरण मानले जाते.

साखरेचा गुण, साखरेचाच दोष

साखर पाण्यात चटकन विरघळते, याचे कारण तिचे अनेक हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतात. झानामिविरही तसाच आहे, शिवाय त्यावर विद्युतभारही आहेत. असा जलप्रेमी रेणू आतड्याच्या मेदयुक्त पडद्यातून पार होत नाही. गिळलेल्या झानामिविरपैकी रक्तात पोचते ते अवघे २ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे ते बारीक भुकटीच्या रूपात तोंडाने श्वासाबरोबर ओढून घ्यावे लागते. या भुकटीत वाहक म्हणून असते लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. मात्रा १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. लहान मुले व अत्यवस्थ रोगी यांना ते नीट ओढता येत नाही आणि दमेकऱ्यांची श्वासनलिका त्याने आवळली जाण्याचा धोका असतो.

अमेरिकेत फेब्रुवारी १९९९ मध्ये सल्लागार समितीने १३ विरुद्ध ४ मतांनी या औषधाविरुद्ध कौल दिला होता. तरीही जुलैमध्ये त्याला परवानगी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिलियड या कंपनीत घडवलेले ओसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, बाजारात आले. त्याच्या रसायनज्ञांनी साखरेचे कडेच काढून त्याजागी सर्व कार्बनांचे कडे बसवले, त्यातही दुहेरी बंध ठेवला, आणि साखरेच्या शेपटीवरील हायड्रॉक्सिल गटांच्या जागी मेदप्रेमी हायड्रोकार्बन साखळी आणली. असा रेणू पोटातून घेता येतो. त्याचा कच्चा माल शिकिमिक आम्ल हा दीर्घकाळ मुख्यतः चक्रीफुलापासून मिळवला गेला. मसाल्याच्या डब्यातले हे फूल त्यामुळे औषध उद्योगाच्या कामी आले. खुद्द चक्रीफूल खाऊन मात्र फ्लू बरा होत नाही, कारण शिकिमिक आम्लापासून औषध होईपर्यंत अनेक रासायनिक पायऱ्या आहेत.

सोयीमुळे गोळीने बाजार जिंकला. पण त्या सोयीची किंमत २००७-०८ च्या हिवाळ्यात दिसली. तेव्हाच्या हंगामी एच१एन१ विषाणूंमध्ये ओसेल्टामिविरला न जुमानणारे विषाणू प्रथम नॉर्वेत मोठ्या प्रमाणात आढळले आणि वर्षभरात जगातील बहुतेक हंगामी एच१एन१ तसे झाले. बदल एवढाच होता की न्यूरामिनिडेजमधील २७४ क्रमांकाच्या हिस्टिडीनच्या जागी टायरोसीन आले होते. ओसेल्टामिविरची मेदप्रेमी साखळी खोबणीत बसण्यासाठी तेथील एका ग्लुटामिक आम्लाला बाजूला वळावे लागते. शेजारी आडदांड टायरोसीन येताच ते वळणे थांबले आणि औषधाची पकड सुटली. खऱ्या साखरेला मात्र असे कुणी वळण्याची गरजच नसते, म्हणून विषाणूचे काम चालूच राहिले. झानामिविरची शेपटी खऱ्या साखरेसारखीच असल्याने तेही या बदलानंतर प्रभावी राहिले.

या घटनेतला धडा असा की औषध मूळ साखरेपासून जितके दूर जाईल तितक्या विषाणूला पळवाटा अधिक. ते साखरेच्या जितके जवळ राहील तितकी त्याला चुकवताना विषाणूची स्वतःची कात्री बोथट होण्याची शक्यता अधिक. पण साखरेच्या जवळ राहिले तर गोळी होत नाही. औषध घडवणाऱ्याला या दोन टोकांमध्ये जागा शोधावी लागते. सुदैवाने २००९ मध्ये आलेला नवा एच१एन१ विषाणू बहुतांशी ओसेल्टामिविरला दाद देणारा होता. शिरेतून देता येईल अशा झानामिविरला युरोपात २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

औषध किती, अपेक्षा किती

ही औषधे विषाणू मारत नाहीत, त्याचा फैलाव अडवतात. म्हणून ती लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू करणे उपयोगाचे. पेशीतून बहुतेक विषाणू बाहेर पडून गेल्यावर कात्री अडकवून लाभ थोडा. कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी चाचण्यांची मूळ माहिती मिळवून २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ ओसेल्टामिविरने सरासरी १६.८ तासांनी आणि झानामिविरने सुमारे १४ तासांनी कमी होतो. अनेक देशांनी प्रचंड खर्चाने केलेल्या साठ्यांवर यामुळे वाद झाला. साध्या पडशावर ही औषधे निरुपयोगी आहेत. परीक्षानळीतील हजारो पट पकड म्हणजे रोग्याला हजारो पट आराम नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

तरी वाट मोकळी झाली ती झालीच. फॉन इट्झस्टाइन पुढे क्वीन्सलँडमधील ग्रिफिथ विद्यापीठात गेले. तेथे २००० साली स्थापन झालेल्या ग्लायकोमिक्स संस्थेत ते मुलांच्या श्वसनविकारांना कारण होणाऱ्या पॅराइन्फ्लुएंझा विषाणूसह इतर रोगजंतूंच्या साखरेशी असलेल्या नात्यावर काम करत राहिले. पॅराइन्फ्लुएंझामध्ये धरणारा हात आणि कापणारी कात्री एकाच प्रथिनात असतात, त्यामुळे एकाच रेणूने दोन्ही अडवण्याचा प्रयत्न तेथे झाला आहे.

वर्गात हा विषय घेताना चिकणमातीचा उपयोग करता येईल. मातीच्या गोळ्यात विद्यार्थ्याने एक वेडावाकडा खडा दाबून खोबण करावी. दुसऱ्या विद्यार्थ्याने खडा न पाहता, फक्त खोबणीचे निरीक्षण करून, त्यात घट्ट बसेल असा मेणाचा तुकडा घडवावा. मग खोबणीच्या एका कडेला मातीचा छोटा कण चिकटवून तोच तुकडा पुन्हा बसतो का, आणि मूळ खडा तरी बसतो का, हे पाहावे. तुकडा अडला पण खडा बसला, तर २००७-०८ च्या हिवाळ्यात काय झाले ते मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वरच्या वर्गांना दोन ग्लुकोजच्या ११ जोडण्या कागदावर काढायला द्याव्यात. त्यांतील माल्टोज व सेलोबायोज ही जोडी त्यांनी स्वतः ओळखली, तर दाणा आणि कडबा यांतला फरकही त्यांना आपोआप सापडेल.